पाकिटात किती उरल्या?

सकाळी ७:३०
रिक्षावाले दादा स्टँडवर जायच्या आत फोनवर गाठावे लागतात. "गोळ्या घेतल्या का?" असं मी विचारत नाही, त्याचं उत्तर कायम "हो" येतं. "पाकीट हातात घ्या, किती उरल्या ते सांगा," म्हणते. टीबीचे पहिले दोन महिने एका गोळीत चार औषधं असतात, पुढचे चार महिने तीन. रोज, शक्यतो उपाशीपोटी. दादांच्या दोन दिवसांच्या गोळ्या जास्त निघतात. लग्नाला गेले होते म्हणे.

सकाळी ९:३०
वजनाचे फोन. काटा क्वचितच कुणाच्या घरी असतो, मग रेशन दुकानातला पोत्यांचा काटा कामाला येतो. एका मामांचं वजन ४६ वरून ५१ किलो झालंय. ३५ ते ४९ किलोला रोज तीन गोळ्या, ५० ते ६४ला चार. डोस मी बदलत नाही. डॉक्टरांना कळवते आणि त्यांचं उत्तर आलं की मामांना सांगते. आहारासाठी सरकारकडून महिना १००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ आधी ५०० होते. ते खात्यात जमा झाले का, हेही याच फोनवर विचारून घेते.

सकाळी ११:००
नवा रुग्ण. गोळीतल्या रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, हे पहिल्याच दिवशी सांगायचं. नाहीतर माणूस रक्त समजून गोळ्या टाकून देतो. हे घाबरण्यासारखं नाही. पण दिसायला अंधुक झालं, लाल-हिरव्या रंगांत गफलत व्हायला लागली, तर त्याच दिवशी फोन. ते गोळीतल्या इथॅम्ब्युटॉलच्या दुष्परिणामाचं लक्षण असू शकतं.

दुपारी १:००
डबा, आणि मग दुकानातलं एच-वन रजिस्टर. टीबीची औषधं कुणाला दिली याची नोंद औषध दुकानदाराने ठेवायची, हा नियम २०१४ पासून आहे. मी ते उलटं वाचते: कुणाचं औषध संपायला आलंय आणि तो फिरकलेला नाही?

दुपारी ३:००
व्हिडिओ कॉल. "घरातला औषधांचा डबा आणा, सगळं कॅमेऱ्यासमोर मांडा." एका ताईंच्या डब्यात गर्भनिरोधक गोळ्या निघतात. रिफाम्पिसिन चालू असताना त्यांचा भरवसा नाही. दुसरा उपाय डॉक्टरांना विचारायला सांगते. सासूबाईंचं ॲसिडिटीचं औषधही ताई सकाळच्या गोळ्यांबरोबरच घेत होत्या. त्यात अंतर हवं.

सायंकाळी ५:००
एका आजोबांना दोन दिवस उलट्या, जेवण नको. डोळे पिवळे दिसतात का? ट्यूबलाइटखाली फोनवर काही कळत नाही. "खिडकीशी न्या, उजेड आहे तोवर." पिवळे दिसतात. गोळ्या थांबवा, आत्ता दवाखान्यात या, लिव्हरची तपासणी होईल. डॉक्टरांना फोन करून ठेवते. बाकी सगळ्यांना "थांबवू नका" म्हणणारी मी, इथे एक मिनिटही दवडत नाही.

सायंकाळी ७:००
सगळ्यात अवघड फोन शेवटी ठेवते. एका ऊसतोड कामगाराचा उपचाराचा तिसरा महिना, खोकला गेलाय, भूक परतलीय, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला निघायचंय. "मॅडम, आता मला काय झालंय?" जंतू अजून शिल्लक आहेत. आता सोडलं तर आजार उलटतो, कधी औषधांना दाद न देणारा होऊन. उचल घेतलीय, जाणं टळणार नाही. म्हणून जाऊ नका असं म्हणत नाही. टीबीच्या सरकारी नोंदणीचा निक्षय नंबर जवळ ठेवा, कारखान्याजवळच्या सरकारी केंद्रात औषध पुढे चालू राहतं. त्या केंद्राला उद्या मीच विचारीन, साठा आहे का.

"पहाटे फोन करू नका, टोळी निघालेली असते," तो बजावतो. मग संध्याकाळ ठरते. बायकोची तपासणी झाली का, विचारते. झाली, काही निघालं नाही. तिचाही नंबर घेते. ऊसतोडीत कोयता नवरा-बायको दोघांचा असतो; पाकीट मोजायला तीच पक्की आहे.