सहा महिन्यांतून एकदा घ्यायचे कोलेस्टेरॉलचे इंजेक्शन काम कसे करते?

अँजिओप्लास्टी झाली आहे, गोळ्या चालू आहेत, पथ्यही पाळता, तरी रिपोर्टमध्ये एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल पुरेसे खाली येत नाही. अशा वेळी डॉक्टर 'इन्क्लिसिरान' हे इंजेक्शन सुचवू शकतात. ते आरएनएचे औषध आहे म्हटल्यावर घरचे विचारतात, "जनुके तर बदलणार नाहीत ना?" नाही, बदलत नाहीत. का, ते समजून घेऊ.

एलडीएल का वाढते?

रक्तातले एलडीएल काढून घेण्याचे काम मुख्यतः यकृत करते. यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर एलडीएलला पकडून आत नेतात आणि पुढच्या फेरीसाठी परत वर येतात. पीसीएसके-९ नावाचे प्रथिन रिसेप्टरला चिकटले, तर तो परत न येता पेशीतच नष्ट होतो. रिसेप्टर कमी झाले की रक्तात एलडीएल साठते.

औषध काय करते?

कोणतेही प्रथिन बनवताना पेशी जनुकाची कामापुरती प्रत काढते. तिला मेसेंजर आरएनए म्हणतात. इन्क्लिसिरान हा आरएनएचा लहानसा, दुपदरी तुकडा आहे. त्याला जोडलेल्या विशिष्ट शर्करेमुळे तो प्रामुख्याने यकृताच्या पेशींत शिरतो. तिथे 'आर्गोनॉट' नावाचे प्रथिन त्याचा एक पदर धरून ठेवते. या पदराशी जुळणारी पीसीएसके-९ची प्रत समोर आली की आर्गोनॉट एन्झाइमचे काम करते आणि ती प्रत कापते. तोच पदर पुन्हा पुन्हा वापरला जातो, म्हणून परिणाम अनेक महिने टिकतो. मूळ जनुक मात्र जसेच्या तसे राहते.

पेशींची ही पद्धत अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये एका सूक्ष्म कृमीत दाखवली. त्यासाठी त्यांना २००६ चे नोबेल मिळाले.

इंजेक्शन कधी घ्यायचे?

पहिले इंजेक्शन, दुसरे तीन महिन्यांनी, नंतर दर सहा महिन्यांनी. ते त्वचेखाली दिले जाते. एलडीएल साधारण निम्म्याने कमी होते. टोचलेल्या जागी दुखणे किंवा लाली येऊ शकते.

हे लक्षात ठेवा

• इंजेक्शन सुरू झाले म्हणून स्टॅटिनची गोळी स्वतःहून बंद करू नका. हार्ट अटॅकचा धोका स्टॅटिनमुळे कमी होतो, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. बहुतेकांना हे इंजेक्शन गोळीच्या जोडीला दिले जाते.
• गर्भवती असाल, गर्भधारणेचा विचार असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर डॉक्टरांना आधी सांगा.
• औषध महाग आहे. खर्च आणि विम्याबद्दल आधीच विचारा.
• पुढच्या इंजेक्शनची तारीख लिहून ठेवा. सहा महिन्यांत ती सहज विसरली जाते.

एलडीएल वाढले तरी काही दुखत नाही. त्यामुळे बरे वाटते म्हणून तपासणी टाळू नका.