दहा टक्क्यांवरची हेरगिरी

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या समुद्रकाठी कॅबट कोव्ह नावाचं एक काल्पनिक गाव आहे. १९८४ ते १९९६ अशी बारा वर्षं चाललेल्या ‘मर्डर, शी रोट’ या दूरचित्रवाणी मालिकेत या टुमदार गावात इतके मुडदे पडले, की तिथे मतदार यादी कशी शिल्लक राहिली असेल, असं प्रेक्षक थट्टेनं विचारू लागले. मालिकेची नायिका जेसिका फ्लेचर ही निवृत्त शिक्षिका, विधवा आणि रहस्यकथा लिहिणारी. गावातले खून पुरेनात तेव्हा ती भाचरांकडे, मैत्रिणींकडे, परगावी जाऊ लागली आणि जिथे जाईल तिथे कुणी ना कुणी मरू लागलं. शहाण्या माणसानं या बाईला लग्नाचं आमंत्रण देऊ नये. मालिका संपली, पण ‘कॅबट कोव्ह सिंड्रोम’ हा शब्द इंग्रजीत राहिला.

ही अडचण एकट्या जेसिकाची नाही. पोलिसाला प्रेत सापडतं, कारण तो त्याच्या नोकरीचा भाग आहे. खासगी गुप्तहेराकडे अशील चालत येतो. पण जी बाई हेर नाहीच, तिच्या वाट्याला दरवर्षी एक खून कुठून आणायचा? अ‍ॅगाथा ख्रिस्तीनं मिस मार्पलला १९२७ साली एका कथेत आणि १९३० साली कादंबरीत आणलं, ते सेंट मेरी मीड या खेड्यात बसवूनच. तिचं म्हणणं असं, की माणसाचा स्वभाव इथूनतिथून सारखाच, खेड्यात तो जरा जवळून दिसतो. हे पटतं. तरी बारा कादंबऱ्यांनंतर त्या म्हातारीच्या विणकामाच्या सुया दिसल्या की वाचक आपसूक आजूबाजूला पाहू लागतो.

१९९२ साली एम. सी. बीटननं अ‍ॅगाथा रेझिन ही नायिका आणली. लंडनमधली आपली जनसंपर्क कंपनी विकून ती कॉट्सवोल्ड्समधल्या कार्सली गावात राहायला येते. गावात आपलं नाव व्हावं म्हणून पाककृती स्पर्धेत उतरते, आणि स्वयंपाक येत नसल्यानं लंडनच्या दुकानातून विकत आणलेला पालकाचा कीश स्वतःचा म्हणून ठेवते. परीक्षक तो खातो आणि विषबाधेनं मरतो. आता विष आपण घातलं नाही हे सांगायचं, तर कीश आपण केलाच नाही हेही सांगावं लागणार! विनोदी रहस्यकथेची याहून नेटकी सुरुवात क्वचितच सापडेल. पण पुढच्या पुस्तकांत बीटनलाही तोच पेच पडला, आणि अखेर तिनं अ‍ॅगाथाला रीतसर गुप्तहेर संस्था काढून दिली. योगायोगानं हेर झालेली बाई पाटी लावून बसली.

या पेचावर सर्वांत चतुर तोडगा काढला तो न्यू जर्सीच्या जॅनेट इव्हॅनोविचनं. त्यासाठी तिनं कायद्याचा आधार घेतला.

इव्हॅनोविचचा जन्म १९४३चा, साउथ रिव्हर या लहानशा गावातला. मराठी कुटुंबांच्या ओळखीचं एडिसन ज्या मिडलसेक्स काउंटीत आहे, त्याच काउंटीत हे गाव आहे. तिनं शिक्षण घेतलं चित्रकलेचं आणि लिहिल्या प्रणयकादंबऱ्या, एक डझनभर. त्या प्रकाराचा कंटाळा आला तेव्हा तिला वाट दाखवली ती १९८८च्या ‘मिडनाइट रन’ या चित्रपटानं. त्यात रॉबर्ट डी निरो फरार आरोपीला धरून आणणारा बाउंटी हंटर आहे. हा धंदा आपल्या नायिकेला द्यावा, असं इव्हॅनोविचला वाटलं. १९९४ साली ‘वन फॉर द मनी’ प्रसिद्ध झाली आणि स्टेफनी प्लम वाचकांसमोर आली.

तो धंदा समजून घेतल्याशिवाय या पुस्तकांची गंमत पुरती कळत नाही. आपल्याकडे जामीन म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो जातमुचलका, नाहीतर ओळखीचा कुणी जामीनदार, हातात ऐपतीचा दाखला नाहीतर सातबारा घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात उभा असलेला. पैसे घेऊन जामीन राहणं हा आपल्याकडे मान्य व्यवसाय नाही. जगातल्या बहुतेक देशांत नाही. अमेरिका आणि फिलिपिन्स हे त्याला अपवाद. अमेरिकेत समजा न्यायालयानं एक लाख डॉलरांचा जामीन ठरवला, तर आरोपी त्याचे साधारण दहा टक्के जामीन-दलालाला देतो. ते परत मिळत नाहीत. पूर्ण रकमेची हमी दलाल घेतो. आरोपी तारखेला आला नाही तर दलालाची मान अडकते, आणि मग त्या फरार इसमाला शोधून परत आणण्यासाठी तो माणूस नेमतो. आणणाऱ्याला मोबदला मिळतो, कादंबरीतल्या दरानं तोही दहा टक्के.

या पकडून आणण्यामागे जुना आधार आहे. १८७२च्या ‘टेलर विरुद्ध टेंटर’ खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं जामीन राहणाऱ्याचे हक्क सांगताना बरीच सढळ भाषा वापरली. तो आरोपीचा पाठलाग दुसऱ्या राज्यात करू शकतो, त्याला रविवारी पकडू शकतो, गरज पडल्यास त्याच्या घरात घुसूही शकतो, आणि हे काम दुसऱ्यावर सोपवूही शकतो. पुढे अनेक राज्यांनी परवाने आणि अटी आणल्या. पण इव्हॅनोविचला हवी होती ती फट या व्यवस्थेत होतीच: पोलिसाचं प्रशिक्षण नाही, हेराची बुद्धी नाही, तरी गुन्हेगाराच्या दारावर थाप मारायला सकारण जाणारी बाई. दर पुस्तकात नवा फरार, म्हणजे नवं निमित्त. योगायोगाला सुट्टी.

स्टेफनी तिशीची आहे, घटस्फोटित आहे. नेवार्कमधल्या एका दुय्यम कंपनीत ती अंतर्वस्त्रांची खरेदी बघत होती. ती नोकरी गेली. गाडी हप्ते थकल्यामुळे ओढून नेली, घरातलं सामान एकेक करून विकून झालं. आतेमामे नात्यातला विनी जामीन-दलाल आहे, त्याच्या कचेरीत कागद लावायचं काम मिळेल या आशेनं ती जाते, तर ती जागा भरलेली. मग विनीची एक लाजिरवाणी भानगड त्याच्या बायकोला सांगण्याची धमकी देऊन ती फरार आरोपी पकडण्याचं काम मिळवते. पहिलाच आरोपी जो मोरेली. हा पोलीस आहे, खुनाच्या आरोपाखाली जामिनावर सुटून गायब झालेला. बक्षीस दहा हजार डॉलर. शिवाय जुना हिशेबही बाकी आहे. शाळकरी वयात याच मोरेलीनं तिला बेकरीच्या काउंटरमागे भुलवलं होतं आणि नंतर गावातल्या भिंतींवर त्याची जाहिरात केली होती. पुढे संधी मिळताच तिनं वडिलांची ब्यूइक त्याच्या अंगावर घालून त्याचा पाय मोडला. दोघांच्या प्रेमकथेची ही प्रस्तावना.

या काळात स्त्री हेर काही दुर्मीळ राहिली नव्हती. मार्शा म्युलरची शॅरन मॅकोन १९७७ला आली. १९८२ साली स्यू ग्राफ्टनची किन्सी मिलहोन आणि सारा पॅरेट्स्कीची व्ही. आय. वॉर्शॉस्की एकाच वर्षी अवतरल्या. या बायका परवानाधारक, एकट्या राहणाऱ्या, मार खाऊन उभ्या राहणाऱ्या. पॅरेट्स्कीच्याच पुढाकारानं १९८६ साली ‘सिस्टर्स इन क्राइम’ ही लेखिकांची संघटना उभी राहिली. त्यानंतर आठच वर्षांनी स्टेफनी येते, ती पिस्तूल बिस्किटांच्या बरणीत ठेवणारी. बेड्या तिच्याकडे आहेत, पण पहिल्याच पुस्तकात मोरेली त्याच बेड्यांनी तिला न्हाणीघराच्या पडद्याच्या दांडीला अडकवून निघून जातो. सोडवायला तिला रेंजरला फोन करावा लागतो. हा रेंजर तिला धंद्याचे धडे देणारा मुरलेला बाउंटी हंटर. मोरेली की रेंजर, हा प्रश्न मग तीस पुस्तकं लोंबकळत राहतो.

हे मागे जाणं नव्हे का, असा आक्षेप घेता येईल. पण किन्सी आणि वॉर्शॉस्की यांनी बाई हे काम करू शकते हे आधीच सिद्ध करून ठेवलं होतं. म्हणूनच ते वाईट करण्याची मुभा स्टेफनीला मिळाली. कामात कच्चा असलेला पुरुष विनोदाला नेहमीच चालत आला आहे. आणि स्टेफनी भित्री असली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारावर जाते, कारण घरभाडं थकलेलं असतं. रहस्यकथेत नायिकेच्या खिशात किती पैसे आहेत हे इतक्या वेळा क्वचितच कुणी सांगितलं असेल.

मग गुन्हे उलगडतात कसे? बुद्धीनं फारसे नाहीत. उलगडतं ते ‘बर्ग’.

न्यू जर्सीची राजधानी ट्रेंटन हे एके काळी कारखान्यांचं शहर होतं. डेलावेअर नदीवरच्या पुलावर आजही मोठ्या अक्षरांत घोषवाक्य आहे: ट्रेंटन बनवतं, जग घेतं. गोल्डन गेट पुलाचे तारदोर पुरवणारी रोब्लिंग कंपनी इथलीच. तिच्या कारखान्याभोवतीची चेंबर्सबर्ग ही वस्ती प्रामुख्यानं इटालियन कामगारांची, तीच लोकांच्या तोंडी ‘बर्ग’. लहान घरं, खिडकीला खिडकी, सहाच्या ठोक्याला रात्रीचं जेवण. स्टेफनीचे वडील टपालखात्यातून निवृत्त होऊन टॅक्सी चालवतात आणि जेवताना ताटातून मान वर काढत नाहीत. लेकीची बातमी फोनवरून कानावर आली की आई इस्त्री करत सुटते. कुणाच्या मुलाला कुणी कुठे पाहिलं, कुणाच्या दारात कुणाची गाडी उभी होती, हे केशकर्तनालयात, बेकरीत आणि मुख्य म्हणजे अंत्यसंस्कारगृहात कळतं.

या शेवटच्या ठिकाणची सम्राज्ञी म्हणजे स्टेफनीची आजी, ग्रँडमा मेझर. शेजारच्या बाईनं सिनेमाला जावं तशी ती अंत्यदर्शनाला जाते. शवपेटीचं झाकण बंद असलं तर तिला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते उघडून पाहण्याची खटपट ती दर वेळी करते. पहिल्या पुस्तकात जेवणाच्या टेबलावर नातीचं पिस्तूल हाताळताना तिच्या हातून गोळी सुटते आणि भाजलेल्या कोंबडीचा मागचा भाग उडतो. मालिकेतल्या हास्याचा हा उच्चांक मानणारे वाचक कमी नाहीत. पण आजी नुसती विदूषक नाही. दुसऱ्या पुस्तकात अंत्यसंस्कारगृहाच्या चोवीस स्वस्त शवपेट्या चोरीला जातात. त्या प्रकरणात स्टेफनीला त्या घरात वावरायला निमित्त मिळतं ते आजीच्या या छंदामुळे.

तिसरं पुस्तक हे या युक्तीचं उलटं टोक, आणि माझ्या मते मालिकेतलं सर्वोत्तम. अंकल मो हा बर्गमधला गोळ्याबिस्किटं आणि आइस्क्रीम विकणारा लाडका म्हातारा. बेकायदा शस्त्र बाळगल्याच्या आरोपात तो पकडला जातो आणि तारखेला हजर राहत नाही. त्याला शोधायला निघालेल्या स्टेफनीला सगळी वस्ती वाळीत टाकल्यासारखी वागवते. देवमाणसामागे लागतेस? लाज नाही वाटत? एरवी न विचारता सगळं सांगणारं बर्ग तोंड मिटतं, आणि तिच्याकडे स्वतःचं असं काहीच कौशल्य नव्हतं हे उघडं पडतं. ब्रिटिश क्राइम रायटर्स असोसिएशननं या पुस्तकाला १९९७चा सिल्व्हर डॅगर दिला. त्याआधीच्या वर्षी दुसऱ्या पुस्तकाला याच संस्थेचा विनोदी गुन्हेकथेचा पुरस्कार मिळाला होता.

नव्या वाचकाला एक इशारा द्यायला हवा. पहिल्या पुस्तकाची मुखपृष्ठं खेळकर असतात, आतला मजकूर सगळाच तसा नाही. बेनिटो रामिरेझ हा मुष्टियोद्धा स्त्रियांवर जे अत्याचार करतो, त्यात लूला ही रस्त्यावर देहविक्रय करणारी मुलगी मरणाच्या दारात पोचते. स्टेफनीला धाक बसावा म्हणून तिला आणून टाकलं जातं ते स्टेफनीच्याच खिडकीबाहेर. ती प्रकरणं वाचताना हसू गोठतं. पुढे लूला बरी होते, विनीच्या कचेरीत कागद लावायचं काम करू लागते आणि स्टेफनीची जोडीदारीण बनते. मालिका मात्र त्या अंधारापासून हळूहळू लांब गेली. जळणाऱ्या गाड्या, डोनट, अंत्यसंस्कारगृहातली धांदल यांचं प्रमाण वाढलं. २०१३च्या विसाव्या पुस्तकात ट्रेंटनच्या रस्त्यांवर चक्क एक जिराफ मोकाट फिरतो. शीर्षकातला आकडा दरवर्षी एकानं वाढतो, स्टेफनीचं वय तिशीच्या आसपासच थांबलेलं. पहिली सात-आठ पुस्तकं क्रमानं वाचावीत. पुढची आगगाडीच्या प्रवासाला ठेवावीत.

पुस्तकातलं ट्रेंटनही असंच थांबलेलं आहे. प्रत्यक्षातल्या चेंबर्सबर्गमधून जुनी इटालियन कुटुंबं उपनगरांत गेली आणि त्यांच्या जागी मध्य अमेरिकेतून आलेली कुटुंबं राहू लागली. १९१२ पासून ट्रेंटनची ओळख असलेलं ‘पापाज टोमॅटो पाइज’ हे खाणावळीचं नाव २०१३ साली शहर सोडून रॉबिन्सव्हिलला गेलं. २०१२ साली कॅथरीन हायगलला घेऊन ‘वन फॉर द मनी’चा चित्रपट निघाला, तो मुख्यतः पेनसिल्व्हेनियात पिट्सबर्गच्या परिसरात चित्रित झाला. चित्रपट साफ आपटला. पुस्तकाची जान स्टेफनीच्या निवेदनात आहे, आणि नेमका तोच आवाज पडद्यावर फिका पडला.

त्याहून मोठा बदल कायद्यात झाला. २०१३च्या एका पाहणीत दिसलं, की न्यू जर्सीच्या काउंटी तुरुंगांतले १२ टक्के कैदी केवळ अडीच हजार डॉलर किंवा त्याहूनही कमी जामीन भरता येत नाही म्हणून आत होते. विनीसारख्यांच्या दारी ज्यांच्याकडे द्यायला दहा टक्केही नव्हते, ते हे लोक. कादंबऱ्यांत ते फारसे येत नाहीत, कारण तिथे सगळी गोष्ट सुटून पळालेल्यांची आहे. २०१४ साली राज्यानं नवा कायदा केला, मतदारांनी घटनादुरुस्तीला कौल दिला, आणि १ जानेवारी २०१७ पासून न्यू जर्सीत रोख जामीन जवळजवळ संपला. आरोपी पळून जाण्याचा किंवा पुन्हा गुन्हा करण्याचा धोका किती, हे पाहून न्यायाधीश त्याला सोडतात किंवा अडकवतात. दलालाची गरज उरली नाही. विनीचा धंदा त्याच्याच राज्यात जवळपास बसला.

इव्हॅनोविचनं याची फारशी दखल घेतलेली नाही. तिसावं पुस्तक २०२३ला आलं, एकतिसावं २०२४ला. विनीची कचेरी उघडी आहे, तिथलं कामकाज पाहणारी कॉनी नव्या फरारांच्या फायली पुढे सरकवते, लूला गाडीत बसायच्या आधी तळलेली कोंबडी घेऊन येते, आणि दहा टक्क्यांसाठी स्टेफनी पुन्हा कुणाच्या तरी दारावर थाप मारते.