जुन्या मोटारींच्या नकला : हुनर आपले आहे, कागदही चोख हवेत

कट्टा (ता. मालवण) : हौस श्रीमंताची असते, पण तिची रोजी कारागिराला मिळते. जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स मोटारींच्या हुबेहूब नकला बनविण्याचा उद्योग त्यातलाच. आम्ही कापडवाले, आमचा मोटारीशी संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध आहे. अशा बऱ्याच मोटारींची बॉडी पत्र्याची नसून काचेच्या धाग्यांच्या मॅटची असते, आणि ही मॅट कापडासारखीच चौरस मीटरमागे किती ग्रॅम या हिशेबाने ओळखली जाते. साच्यात मॅट अंथरायची, हार्डनर घातलेले रेझिन ब्रशने जिरवायचे आणि थरावर थर द्यायचा. मालवण किनाऱ्यावरच्या फायबरच्या होड्या याच रीतीने होतात. म्हणजे निम्मे हुनर आमच्या दारातच आहे.

ज्या गाडीच्या सर्वाधिक नकला झाल्या, त्यांत लोटस सेव्हन ही अग्रभागी आहे. कॉलिन चॅपमन यांच्या कंपनीने ती १९५७ साली इंग्लंडात बाजारात आणली. तेथे तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. म्हणून गिऱ्हाईक संच घेऊन घरीच गाडी जोडी. १९७३ साली कराची पद्धत बदलली आणि ही सवलत संपली, पण घरी गाडी जोडण्याची हौस उरली. पुढे याच घाटाची गाडी आपल्या कोकणात झाली. अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने फायबर बॉडीची दोन आसनी रोडस्टर बनविली. तिला इंजीन होते इसुझूचे १८०० सीसी पेट्रोल, म्हणजे हिंदुस्थान मोटर्सच्या अॅम्बेसेडर व कॉन्टेसात बसणारे. परदेशी घाट, देशी इंजीन, कोकणातले हात!

अशा गाडीचा जीव बॉडीत नसून सांगाड्यात असतो. चाके, अॅक्सल, स्प्रिंग, ब्रेक आणि स्टिअरिंग बसवलेला, ढकलला तर चालणारा सांगाडा म्हणजे रोलिंग चेसिस. लोटस सेव्हनच्या घाटाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असतो. इंजीन पुढे उभे आणि ओढ मागच्या चाकांना. त्यामुळे आडवे इंजीन नि पुढच्या चाकांना ओढ असलेल्या आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांचा माल येथे सहजी बसत नाही. अॅम्बेसेडर, कॉन्टेसा, जिप्सी यांचाच शोध घ्यावा लागतो. आणि येथेच अडचण आहे. कॉन्टेसा २००२ साली बंद झाली, अॅम्बेसेडर २०१४ साली. नवा माल कारखान्यातून येत नाही. मग कारागीर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत जुना माल शोधतो.

जुना माल घेणे हलाल आहे. प्रश्न तो कोणाचा आहे हा आहे. उत्तर प्रदेशात मेरठचे सोतीगंज हे सुट्या भागांचे नामांकित मार्केट होते. चोरीच्या गाड्या तेथे तोडल्या जातात म्हणून पोलिसांनी कारवाई केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो बाजार बंद पडला. बाजार बुडतो तेव्हा चोराबरोबर साव दुकानदाराच्या घरची चूलही विझते. आपल्या बांधवांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

कायदा आता असा आहे. चोरीचा माल जाणूनबुजून, किंवा तसा संशय येण्यास कारण असूनही बेइमानीने घेणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मूळ उत्पादकाच्या तपशिलाहून वेगळा ठरेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. म्हणून जुन्या जिप्सीच्या पुस्तकावर नवी रोडस्टर चालविणे बेकायदा. सगळी गाडी नवी बनवून विकायची तर नमुना पुण्याच्या एआरएआय किंवा तत्सम संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि तो खर्च एकट्या गॅरेजवाल्याला पेलणारा नाही. २०२१ साली व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू झाली, पण ती पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना. नकलेला ती लागू नाही.

मग कारागिराने करावे काय? काम आहे आणि सरळ मार्गाचे आहे. अस्सल जुन्या गाड्यांची मूळ रूपात दुरुस्ती हे पहिले. न मिळणारा मडगार्ड किंवा डॅशबोर्ड साच्यातून काढून देणे, सीटची शिलाई व हूडचे कापड हे दुसरे. सिनेमा, हॉटेल, प्रदर्शन यांसाठी रस्त्यावर न येणारी नक्कल हे तिसरे. परवानाधारक उत्पादकाला सांगाडा किंवा बॉडी पुरविणे हे चौथे.

यात काही पथ्ये पाळावीत. पक्क्या बिलाशिवाय इंजीन वा चेसिस घेऊ नये. विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत व गाडीच्या नोंदणीचे कागद ठेवावेत. इंजीन नंबर घासलेला दिसला तर माल कितीही स्वस्त असो, हात लावू नये. एका गाडीचा चेसिस नंबर कापून दुसरीला जोडण्याचे काम कोणी दुप्पट मजुरी देऊनही सांगितले तरी नाकारावे. पकडला जातो तो वेल्डिंग करणारा. सांगणारा शेठ नामानिराळा राहतो.

शेवटची गोष्ट गिऱ्हाइकाची. कापडात मिसळ असेल तर ती सांगून विकावी लागते. मालाचा ऐब लपविणे शरीअतला मंजूर नाही. तसेच नकलेला नक्कल म्हणूनच विकावे, बिलावरही तसेच लिहावे. नक्कल बनविणे ही कारागिरी आहे, ती अस्सल म्हणून खपविणे ही फसवणूक. हुनर अल्लाहने दिले आहे; त्याची बरकत राखायची ती आपल्याच हिशेबाच्या वहीने.