पहिलं कर्ज तिच्यापाशीच का अडतं?

आखाडा बाळापूरच्या शिवारात हळद काढण्यापासून सुकवण्यापर्यंत बायांचे हात राबतात. मग हळदपुडीची गिरणी त्यांच्या नावावर क्वचितच का दिसते?

बँक मोठ्या कर्जाला तारण मागते आणि सातबारा बहुधा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतो. तारण नाही म्हणून कर्ज नाही; कर्ज नाही म्हणून परतफेडीची नोंद नाही; नोंद नाही म्हणून पुढचंही कर्ज नाही. विरजणाशिवाय दही लागत नाही, तशी पहिल्या कर्जावाचून पत तयार होत नाही.

बचतगट हे चक्र तोडतो. तिथे जमिनीऐवजी गटाची नियमित बचत आणि परतफेड पाहतात. बँकही बायांसाठी उभी राहू शकते: म्हसवडला १९९७ साली चेतना सिन्हा यांनी ग्रामीण महिलांसाठी माणदेशी महिला बँक उभारली.

मोठ्या कर्जाला मात्र तारण लागतंच. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच, तोवर लग्न न झालेल्या हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला. तो सातबाऱ्यावर उतरायलाच हवा.