मोटारींतला कॅमेरा आणि त्याची वीज

आमच्या घरच्या मोटारीच्या पुढील काचेमागें गेल्या पाडव्याला एक लहानसा कॅमेरा आला. त्यास डॅशकॅम म्हणतात. रस्त्यांत कोणी धक्का देऊन उलट आपल्याच माथीं दोष मारूं लागला, तर घडलेला प्रकार चित्ररूपानें दाखवितां यावा, हा त्याचा मुख्य उपयोग. गाडी उभी असतांनाहि तो पहारा करतो असें कळल्यावर आमच्या वडील बंधूंचा उत्साह द्विगुणित झाला. कारण वाड्याबाहेर रात्रीं उभ्या असलेल्या गाडीचा आरसा दोनदां मोडला होता. रात्रंदिन पहारा हवा, तर त्याची तार गाडीच्या विजेला कायमची जोडावी लागते. एका कारागिरानें तें काम अर्ध्या तासांत उरकलें आणि आम्ही निश्चिंत झालों.

मार्गशीर्षांत एका पहाटे धाकट्या सूनबाईंना कळा सुरू झाल्या. गाडी चार दिवस जागची हलली नव्हती. किल्ली फिरविली, तों 'टक्' एवढाच आवाज! शेजारच्या काकांनीं आपली गाडी काढली म्हणून आम्ही वेळेवर इस्पितळांत पोहोंचलों. नात सुखरूप झाली. परंतु तोंपर्यंत घरांतील वडील माणसांच्या तोंडचें पाणी पळालें होतें, आणि बंधूंना त्या कॅमेऱ्याकडे पाहवेना.

हिशेब अगदीं साधा होता. उभ्या गाडींत असा कॅमेरा सुमारें ०.३ अँपिअर वीज घेतो असें धरूं. दिवसाकाठीं ७.२ अँपिअर-तास, म्हणजे चार दिवसांत जवळजवळ २९. आमच्या लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. उरलेल्या विजेवर एंजिन फिरावें कसें? शिवाय शिशाची बॅटरी अशी वारंवार तळाशीं गेली, कीं तिचें आयुष्यहि घटतें.

यावर उपाय आहे. जोडणीच्या संचांत १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारी एक डबी असते; तिच्यांतच बॅटरी ठराविक व्होल्टच्या खालीं उतरतांच कॅमेरा बंद करण्याची सोय असते. आमच्या डबीवर ती ११.८ ला लावलेली आढळली. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असतांना १२.६ च्या आसपास दाखविते, १२.२ म्हणजे सुमारें निम्मी, ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामीच. तेव्हां पहारा होता, पण पहारेकऱ्यानें घरांतलें सारें धान्य संपविलें होतें. ज्यांची गाडी रोज फिरत नाहीं, त्यांनीं १२.४ वरच समाधान मानावें.

दुसऱ्या कारागिराकडून सारें उलगडून पाहिलें, तों आणखी दोन गोष्टी दिसल्या. पहिली अशी, कीं तार फ्यूजवांचून दुसऱ्या एका तारेला सोलून पिळली होती. फ्यूज हा मुख्यतः तारेच्या रक्षणासाठीं असतो. तार कोठें घासून गाडीच्या धातूला टेकली, तर तो वितळून वीज तोडतो. तो नसेल, तर तारच तापते आणि आग लागण्याचा संभव असतो. यासाठीं फ्यूजच्या पेटींत बसणारा दुहेरी फ्यूजचा जोड मिळतो. मूळचा फ्यूज एका घरांत, कॅमेऱ्याचा २ किंवा ३ अँपिअरचा दुसऱ्या घरांत. मात्र ज्या पायांतून दोन्ही फ्यूजना वीज मिळते, तो पाय बॅटरीच्या बाजूच्या खांचेंत गेला पाहिजे. उलटा बसल्यास कॅमेऱ्याचा भार मूळच्या फ्यूजवरहि पडतो. ही बाजू मीटरनें पाहून ठरवावी. आणि प्रत्यक्ष जोडतांना बॅटरीची ऋण तार सोडून ठेवावी. एअरबॅग, ब्रेक व एंजिन यांच्या फ्यूजना हात लावूं नये.

संचाला बहुधा तीन तारा असतात: एक सदैव विजेची, एक किल्ली फिरविल्यावरच वीज येणाऱ्या ठिकाणची, आणि तिसरी गाडीच्या सांगाड्याला जोडावयाची. रंगांवर विसंबूं नये, सोबतचें पत्रक वाचावें. तिसरी तार रंग नसलेल्या उघड्या धातूवरील बोल्टाखालींच आवळावी.

दुसरी गोष्ट पाहून मात्र आमच्या अंगावर कांटा आला. काचेशेजारच्या खांबाच्या आवरणांत आमच्या गाडींत पडद्यासारखी एअरबॅग आहे, आणि कॅमेऱ्याची तार नेमकी तिच्या पुढून ओढलेली होती. अपघातांत ती पिशवी क्षणार्धांत फुगते; आड आलेली तार तिला अडथळा करील, किंवा स्वतःच जोरानें फेंकली जाईल. त्या बाजूस घरांतलीं मुलें बसतात! तार पिशवीच्या मागून नेऊन मूळच्या तारांच्या जुडग्याला बांधावी; आवरण काढण्याचें हें काम तर जाणत्याकडेच सोंपवावें.

नवी जोडणी होऊन महिना झाला. मध्यंतरीं बारशाच्या गडबडींत गाडी पांच दिवस उभी राहिली. कॅमेरा दुसऱ्याच रात्रीं मिटला, आणि सहाव्या दिवशीं गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली.