तळे कोणाचे, कागद कोणाचा? : कायदा शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी

कायद्याची पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी एक वाचक गृहीत धरलेला असतो. त्याच्या घरात कोणी वकील असतो, कोणी दुकानाच्या चोपड्या लिहिणारा असतो, निदान खरेदीखत वाचू शकणारा एखादा चुलता असतो. आपल्या घरांत कायदा तसा आला नाही. तो समन्स घेऊन आला, जप्तीची नोटीस घेऊन आला, किंवा अंगठ्याला लावलेल्या शाईतून आला. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. सांगोल्यात माझ्यासमोर बसणाऱ्या मुलामुलींपैकीही बरेच जण आपापल्या घरातले पहिलेच आहेत. ही मुले ‘करार म्हणजे काय’ याचे उत्तर पाठ करतात, त्याचे गुणही मिळवतात. पण सुट्टीत घरी गेल्यावर वडिलांनी पेटीतून काढलेला कागद हातात आला की गप्प होतात. पाठ केलेली व्याख्या आणि पेटीतला कागद यांची गाठ घालून देण्यासाठी हा लेख आहे.

अभ्यासक्रमात कायद्याचे अनेक विषय असतात. समजण्यासाठी त्यांचे दोन ढीग करावेत. जिथे एका बाजूला शासन आहे तो सार्वजनिक कायदा. यात संविधान येते, प्रशासनाचे नियम येतात, फौजदारी कायदाही येतो. जिथे दोन्ही बाजूंना माणसे किंवा पेढ्या आहेत आणि मधे पैशाचा व्यवहार आहे तो व्यापारी कायदा. यात करार, मालविक्री, भागीदारी, धनादेश, कर्ज हे विषय येतात. म्हणून कोणताही कागद हातात आला की पहिला प्रश्न विचारावा : माझ्यासमोर कोण आहे?

समोर शासन असेल तर दुसरा प्रश्न असा : तुम्हाला हा अधिकार कोणत्या कायद्याने दिला? कायद्याने दिलेल्या अधिकारापलीकडे अधिकाऱ्याला काहीही करता येत नाही. समोर सावकार, व्यापारी किंवा मुकादम असेल तर प्रश्न बदलतो : मी कशाला संमती दिली, आणि ती संमती खरोखर मोकळी होती का? हे दोन प्रश्न ज्याला नीट विचारता येतात त्याला निम्मा कायदा कळला.

आता ही विभागणी आपल्या इतिहासावर ठेवून पाहू. आपल्याला दाबून ठेवणाऱ्यांनी नेमकी हीच सीमारेषा पुसली. जे सार्वजनिक होते ते खाजगी म्हणून दाखवले, आणि जी गुलामी होती ती करार म्हणून दाखवली.

महाडचा दावा

पहिल्या प्रकाराचे सर्वांत स्पष्ट उदाहरण महाडचे आहे. सार्वजनिक पैशांतून चालणारी पाणवठे, धर्मशाळा, शाळा ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली करावीत, असा ठराव सी. के. बोले यांनी मांडला आणि मुंबई विधिमंडळाने तो १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह त्या तळ्याचे पाणी घेतले. सत्याग्रह आपण सारे जाणतो. त्यानंतरचा दावा मात्र आपल्या सभांतून फारसा सांगितला जात नाही.

डिसेंबर १९२७ मधला दुसरा सत्याग्रह रोखण्यासाठी स्पृश्यांच्या वतीने महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला. तळे सार्वजनिक नाही, आणि अस्पृश्यांना पाणी न घेऊ देण्याचा रिवाज अनादी काळापासून चालत आला आहे, असे म्हणणे मांडले गेले. १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाईहुकूम निघाला. पाण्याच्या हक्काचा प्रश्न म्हणजे माणुसकीचा प्रश्न. पण न्यायालयात तो मालमत्तेचा प्रश्न म्हणून उभा केला गेला. बाबासाहेबांनी तो त्याच भूमीवर लढवला. तळ्याची मालकी कोणाची, नगरपालिकेचा अधिकार कोणता, रिवाज अनादी म्हणता तर त्याचा पुरावा काय, हे मुद्दे एकेक करून तपासले गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला. असा अनादी रिवाज वादींना सिद्ध करता आला नव्हता. तळे खुले झाले. दहा वर्षे लागली.

ज्या वर्षी हा दावा उभा राहिला, त्या वर्षी बाबासाहेब मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते. १९२५ ते १९२८ हा त्यांच्या तिथल्या अध्यापनाचा काळ. चवदार तळ्यावर उतरणारा माणूस वर्गात हुंडी आणि करार शिकवीत होता. व्यापारी कायदा हा शेटजींचा विषय, आपला विषय फक्त संविधान, असे मानणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

संविधानाने महाडचा प्रश्न कायमचा निकालात काढला. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद १५ चा दुसरा खंड त्याहून बारकाईने वाचावा. त्यात विहिरी, तलाव, रस्ते तर आहेतच. शिवाय दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेलेही आहेत. म्हणजे ‘दुकान माझे, कोणाला आत घ्यायचे ते मी ठरवीन’ हा खाजगी मालकीचा युक्तिवाद जातीच्या बाबतीत चालत नाही.

वतन : राजीनामा नसलेली नोकरी

दुसरा प्रकार म्हणजे गुलामीला कराराचा वेष चढवणे. महारवतन पाहा. थोडीशी इनाम जमीन आणि गावाकडून मिळणारे बलुते, या मोबदल्यात घरातल्या माणसांनी रात्रंदिवस सरकारची आणि गावाची कामे करायची. १८७४ च्या वतन कायद्याने ही वंशपरंपरागत चाकरी कायद्याच्या चौकटीत पक्की केली. वरून पाहता देवाणघेवाण दिसते. पण करारात दोन्ही पक्षांना नाही म्हणण्याची मुभा असते. इथे नोकरी होती, राजीनामा नव्हता. या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. पुढच्या वर्षी ते मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा १९५८ चा, आणि तो १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला.

या कायद्याचा माग विद्यार्थ्यांना घरच्या सातबाऱ्यावर सापडेल. वतन गेले, आणि जमिनीच्या आकाराच्या तिप्पट रक्कम भरून ती जमीन धारकाला पुन्हा देण्याची तरतूद झाली. पण सामान्यतः ती नव्या शर्तीने दिली गेली, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येणार नाही अशी. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलेले असते ते यासाठी. दोन माणसांतले खरेदीखत हा व्यवहाराचा भाग, शर्त हा सार्वजनिक कायद्याचा भाग. शर्त मोडून केलेले खरेदीखत कच्चे राहते आणि जमीन सरकारजमा होण्याचा धोका असतो. ‘नुसती सही करा, पुढचे मी बघतो’ म्हणणारा दलाल ही गोष्ट सांगत नाही. ती घरातल्या शिकलेल्या मुलाने सांगितली पाहिजे.

कर्जरोखा आणि संमती

सोलापूर जिल्ह्याला कर्जरोख्याचा इतिहास जुना आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दंगे सुरू झाले. शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि चोपड्या जाळल्या. त्यानंतर १८७९ साली ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ झाला. तो प्रथम पुणे, सातारा, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. रोख्यावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता त्यामागचा देण्याघेण्याचा सगळा इतिहास न्यायालयाने तपासावा, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. कागद खोटे बोलू शकतो, हे इंग्रज सरकारलाही मान्य करावे लागले.

तोच विचार १८७२ च्या करार कायद्यात आहे. कलम १० म्हणते की करारासाठी मोकळी संमती, सज्ञान पक्ष, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर हेतू हवा. कलम १६ त्याहून मोलाचे आहे. एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर ताबा ठेवण्याच्या स्थितीत असेल आणि व्यवहार उघडच अन्यायाचा दिसत असेल, तर गैरदबाव नव्हता हे सिद्ध करण्याचा भार त्या बलवान पक्षावर येतो. अज्ञान मुलाने केलेला करार मुळातच रद्द असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबीबीच्या खटल्यात ठरवले.

सांगोल्याच्या परिसरात डाळिंबाच्या बागेचा सौदा तोंडी ठरतो. तोंडी करारही कायद्याने करारच असतो. अडचण पुराव्याची येते. म्हणून दर, वजन, पैसे देण्याची तारीख एवढे तरी कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

सर्वांत घातक कागद म्हणजे कोरा धनादेश. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याचे कलम १३८ हे १९८९ पासून लागू आहे. धनादेश न वटल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. कोऱ्या पण सही केलेल्या धनादेशावर दुसऱ्याने रक्कम लिहिली, तरी तो देणे फेडण्यासाठीच दिला असे कायदा गृहीत धरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली बीर सिंह खटल्यात हेच सांगितले. ते गृहीत खोडता येते, पण खोडण्याचे काम सही करणाऱ्याचे. धनादेश परत गेल्यावर समोरच्याने तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यावर पैसे देण्यास पंधरा दिवस असतात. ते हातचे जाऊ देऊ नयेत. देणे मान्य नसेल तर याच मुदतीत लेखी उत्तर द्यावे.

सावकारीसाठी महाराष्ट्रात २०१४ चा कायदा आहे. परवाना नसलेली सावकारी हा गुन्हा आहे. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. बेकायदा सावकारीत जमीन गेली असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून ती परत मिळवण्याचा मार्ग कलम १८ मध्ये आहे.

दोन्ही कायदे जिथे भेटतात

उचल घेऊन ऊसतोडीला जाणारे कुटुंब मुकादमाशी व्यवहार करते. वरवर हा व्यापारी कायद्याचा विषय. पण त्या उचलीपायी माणसाला दुसरीकडे काम करण्याचे किंवा हिंडण्याफिरण्याचे स्वातंत्र्य उरत नसेल, तर १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा लागू होतो, आणि तो असे कर्जच विझवून टाकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात याहून पुढचे पाऊल टाकले. किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेले काम म्हणजे अनुच्छेद २३ मधली वेठबिगारी, असे न्यायालयाने म्हटले. मजुराने ‘राजीखुशीने’ ते कबूल केले असले तरी काय झाले? भूक ही सुद्धा सक्तीच आहे, हा त्या निकालाचा गाभा. महाडच्या दाव्यात खाजगीपणाची जी भिंत उभी केली गेली होती, ती संविधानाने अशी आतून पाडली.

आता शासनासमोर उभे राहण्याविषयी थोडे. १९७८ च्या मनेका गांधी निकालाने सांगितले की माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय त्याचा हक्क हिरावता येत नाही. दाखला नाकारला, शिष्यवृत्ती अडवली, तर कारण लेखी मागावे. मिळाले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. पुढे अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय आहे, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची प्रकरणे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. वकिलाच्या फीची भीती बाळगणाऱ्यांनी १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ वाचावे. अनुसूचित जातीजमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

कायदा आपोआप न्याय देत नाही. महाडला दहा वर्षे लागली, वतनाला तीस लागली, आणि ती वर्षे आपल्या माणसांनी कोर्टाच्या आणि सभागृहाच्या पायऱ्यांवर झिजवली. पण न वाचलेला कागद नेहमी लिहिणाऱ्याच्याच बाजूने बोलतो. म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. करार कायद्याचा धडा संपला की विद्यार्थ्यांना घरातला एक कागद वाचून यायला सांगावे : सातबारा, गटाच्या कर्जाचा करार, मुकादमाची चिठ्ठी, जे असेल ते. त्यावर दोन प्रश्न लिहून आणायचे : समोर कोण आहे, आणि त्याचा अधिकार कुठून आला? परीक्षेत हा प्रश्न येणार नाही. घरी मात्र तो रोज येतो.