तिकीट एक, रूममेट्स तीन

'दिल दोस्ती दुनियादारी' २०१६मध्ये संपली आणि आम्हा चौघींचा फ्लॅटही तेव्हाच सुटला. मालिकेतल्या मंडळींचं 'अमर फोटो स्टुडिओ' त्याच वर्षी रंगभूमीवर आलं. मी एकटीच गेले.

अमेय वाघ, सुव्रत जोशी, सखी गोखले, पूजा ठोंबरे. आमचे कैवल्य, सुजय, रेश्मा आणि अ‍ॅना चक्क समोर! एंट्रीला शिट्ट्या, टाळ्या. मी मात्र सवयीने शेजारी वळले, टाळी द्यायला. शेजारी अनोळखी काका!

प्रयोगानंतर सेल्फीसाठी ही रांग! माझा नंबर येतच होता. पण फोटोत आपल्या तिघी नसतील, तर दाखवायचा कुणाला? रांग सोडली, कित्येक महिन्यांनी फोन लावला.

"माझ्याशिवाय गेलीस?" पलीकडून शिवी आली. "आता चार तिकिटं काढ!"